हसले की व्हायचं ते

मी मूळची पिंपळनेरकडची, लग्न होऊन आले इकडे धरणगावजवळ, कापसाच्या रानात. माहेरी मला खिदळी म्हणायचे, कुणी शिंकलं तरी मला हसू, असा माझा जन्म.

सासरीपण हसले बरं का, दुसऱ्या बाळंतपणापर्यंत. पोरगा अंगानं मोठा, लई हाल झाले, आणि त्यानंतर काय सांगू तुम्हाला, तुम्ही बाईमाणूस म्हणून सांगते ताई, हसले की, खोकले की, कापसाचं गाठोडं उचललं की लघवी सुटायची. लुगडं ओलं व्हायचं. मला वाटलं, हे जगात माझ्या एकटीलाच. नवऱ्याला सांगितलं नाही, सासूला नाही, कुणालाच नाही. आता मला त्याचंच नवल वाटतं बघा, ताप आला तर आपण गावभर सांगतो, मग यातच एवढी लाज कुठून येते? कुणी शिकवली नाही, तरी पाठ.

मग मी हसणंच सोडलं. वेचणीला बाया गमती करायच्या तर मी लांबची ओळ धरायची. म्हणायच्या, लई घमेंडी बाई. कानबाई देवीच्या विसर्जनाला बठ्ठ्या, सगळ्या बाया नाचायच्या, मी घरी. आणि वर पाणी तोडलं. आमच्या खान्देशातला उन्हाळा, आणि मी शहाणी, म्हटलं प्यायचंच नाही म्हणजे सुटायचंच नाही!

एका उन्हाळ्यात मोठ्या जावेच्या गच्चीवर बिबडे होते, ज्वारीचे, पापडासारखे थापतो आम्ही. चुलीवर त्यांच्या पिठाचा घाटा हाटता हाटता मला भोवळ आली, पडलेच. जावेला अक्का म्हणते मी, तिनं तांब्या तोंडाला लावला, मी दात घट्ट आवळले. अक्का म्हणे, पी ना व माय, का बरं पेत नही? मी नुसती मान हलवली. तशी ती कानाशी येऊन म्हणे, लुगडं वलं व्हस का तुनं? मी जी रडले ताई, सगळ्या बायांसमोर! वाटलं, गच्चीवरून उडी टाकावी. तर अक्का मोठ्यानं म्हणे, मालेबी शे, म्हणजे मलापण आहे. शेजारची म्हणे, मालेबी. नसीमभाभी बिबडे थापत होती, ती म्हणे, मैं तो छींक आई की दीवार पकडती! एवढ्या हसलो आम्ही, एवढ्या हसलो, आणि जे व्हायचं ते सगळ्यांचंच झालं. घाटा करपला तो करपलाच.

मग अक्कानंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना आवळून धरायचा व्यायाम शिकवला, पाणी पी म्हणाल्या. कमी झालं, पूर्ण गेलं नाही. लाजपण पूर्ण गेली नाही, आत्ता सांगताना दोनदा दाराकडे पाहिलं मी. पण चौघींना कळली की तिच्यात पहिल्यासारखा जोर राहत नाही, एवढं मला कळलं.

आता सून बाळंतीण आहे. परवा सगळे हसत होते, ती तेवढी उठून मोरीत गेली. मी मागोमाग. परकर पिळत होती बिचारी. विचारलं, हसल्यावर सुटतं का गं? मान खाली. म्हटलं, मालेबी शे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं ताई, मग गळ्यातच पडली. म्हटलं, चल, अक्का तुला व्यायाम दाखवते, आणि पाणी सोडू नको.

त्या दिवसापासून माझ्या मनात एकच येतं. माझी आई मोठ्यानं हसलेली मला आठवत नाही. आम्ही समजायचो, तिचा स्वभावच तसा. आता विचारायला ती नाही. तुमची आई हसते का हो? हयात असेल तर विचारून या तिला.