उरुसासाठी कापलेली स्प्रिंग

(भोसरी एमआयडीसीतलं गणराजचं गॅरेज. लिफ्टवर चढवलेली लाल गाडी. खाली मेकॅनिक गणराज, गाडीचा मालक रणजीत आणि रणजीतचे वडील आबाजी.)

रणजीत : ते सगळं राहू दे, भावा. तुझ्याकडं सगळ्यात कडक सस्पेन्शन जे असेल ते टाक.

गणराज : टाकतो की. स्प्रिंग काढून सरळ लोखंडी पाइप वेल्ड करू का? त्याहून कडक काही मिळत नाही. आयुष्यभराची गॅरंटी देतो.

रणजीत : चेष्टा नको. गाडी फक्त रेसच्या ट्रॅकवर पळते. खड्डे नाहीत, स्पीडब्रेकर नाहीत, मागं बायकापोरं नाहीत. कम्फर्ट कशाला हवाय? आणि स्प्रिंग ठरवायला माझं वजन लागतं ना? लिही, अठ्ठ्याहत्तर.

गणराज : अठ्ठ्याहत्तर. कोणत्या सालचं?

रणजीत : गणराज, तू काम कर.

गणराज : कामच करतोय. कम्फर्ट तुला नको, टायरला हवाय. टायर जमिनीला धरून राहिला तर गाडी वळते. चाकणला कंपनीत नऊ वर्षं शॉकअब्सॉर्बर टेस्टिंगला होतो, तिथली मशीन रोज तीन शिफ्ट हेच सांगायची. पण तिला फॉलोअर नव्हते, मग तिचं कोण ऐकणार!

आबाजी : मेस्त्री, त्या ट्रॅकची जमीन कशी हाय?

रणजीत : आबा, ट्रॅक म्हणजे ट्रॅक. डांबर असतं.

आबाजी : मी मेस्त्रीला इचारलं.

गणराज : बरी आहे, आबा. दोन वळणांवर उंचवटे आहेत.

आबाजी : मंग कडक बसवल्यावर उडंल की ती. आमी बैलगाडा पळवायचो तवा आदल्या दिशी शर्यतीचा सगळा घाट पायी चालून यायचो. कुठं खडक हाय, कुठं माती भुसभुशीत हाय. त्याबिगर बैलं जुपत नव्हतो. ह्यो कदी चालला का त्या ट्रॅकवरनं?

रणजीत : तिथं चालू देत नाहीत.

गणराज : देतात. सकाळी पावणेसातला. त्या वेळी साहेब गाडीला टेकून फोटो काढत असतात.

रणजीत : तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस? आबांनी ठरवलंय, आज तू ठीक म्हणालास तरच गाडी राहील. त्यांना एवढंच सांग, मागच्या वेळी टायर फुटला म्हणून गाडी ट्रॅकबाहेर गेली.

आबाजी : व्हय. न्हाईतर भंगारवाल्याला बोलून ठिवलंय.

गणराज : टायर फुटला? चारही जुनेच आहेत. फुटून परत जुळून आले असतील. हल्लीचे टायर फार समजूतदार असतात.

रणजीत : गणराज!

गणराज : बरं, मी काही बोललोच नाही.

आबाजी : ह्ये चाकाच्या वरती पत्र्याला काय घासलंय?

रणजीत : जुनं आहे ते.

आबाजी : जुनं असतं तर गंजलं असतं. ह्ये तर चकाकतंय.

गणराज : आता त्यांनीच बघितलं, माझा इलाज नाही. आबा, गाडी इतकी खाली बसलीय की वळणावर चाक वर जाऊन पत्र्याला टेकतं. टेकलं की पकड सुटली. आणि ही स्प्रिंग बघा. खालचा दीड वेढा गायब आहे.

आबाजी : कापली कुनी?

गणराज : मी नाही. मी होळीच्या आधी उंची नीट लावून दिली होती. मग तुमच्या वाकडचा उरूस आला.

रणजीत : सगळ्यांच्या गाड्या जमिनीला टेकलेल्या होत्या, राव! गावात ट्रॅकची गाडी एकट्या माझी, आणि तीच टेम्पोसारखी उंच दिसत होती. कमानीजवळ लावायची होती. फ्लेक्सवर फोटो येणार होता. म्हणून एका वेल्डरकडून कापून घेतली.

गणराज : गाडी फक्त ट्रॅकसाठी म्हणालास ना मघाशी?

रणजीत : चालवली कुठं तिथं? टेम्पोवर चढवून नेली आणि उभी केली.

गणराज : मग बरोबर. उभी राहायला एक नंबर झाली असणार.

आबाजी : रणजीत, टायर फुटला व्हता का?

रणजीत : म्हणजे, तेव्हा मला तसंच वाटलं...

आबाजी : माझ्याकडं व्हिडिओ हाय.

रणजीत : कसला व्हिडिओ?

आबाजी : तुझ्याच दोस्तानं स्टेटसला ठिवला व्हता, खाली हसायची चित्रं टाकून. तू घरी येऊन टायरचं सांगितलंस, त्याच्या आधीच मी बघितला. गाडी वळणावर उडाली, गरागरा फिरली अन् पार खडीत जाऊन थांबली. अकरा येळा बघितला.

रणजीत : आबा, मला काही झालं नव्हतं.

आबाजी : ठावं हाय. तू म्होरं बसून जेवत व्हतास अन् मी फोनमधी बघत व्हतो. तरी दर येळंला वाटायचं, आता वळंल.

गणराज : भंगारवाल्याला बोलवायचं का, आबा?

आबाजी : न्हाई. ही इकली तर ह्यो दुसरी आणंल, अन् मला सांगायचा न्हाई. मला लई भ्या वाटतं मेस्त्री, पर ते माझं मी बघीन. तू फकस्त ती वळंल अशी कर.

गणराज : मग मधली स्प्रिंग घालू. सोबत कमीजास्त करता येणारा शॉक. आणि उंची दोन बोटं वर. दिसायला शाळेच्या रिक्षासारखी दिसेल. चालेल का साहेबांना?

रणजीत : चालेल.

गणराज : उरुसाला?

रणजीत : उरुसाला नेणार नाही.

गणराज : ठीक. आता चारही चाकं वजनकाट्यावर ठेवून गाडीचा तोल जुळवावा लागेल. ड्रायव्हरच्या सीटवर तुझ्या वजनाएवढ्या वाळूच्या पिशव्या ठेवतो. अठ्ठ्याहत्तर किलोच्या ना?

रणजीत : नको. ब्याण्णव.

गणराज : हेल्मेट धरून?

रणजीत : न धरता.