पाठमोरा विलास

माझं गाव आष्टा. वडील बैलगाड्या रंगवायचे, आन् मी त्येंच्या मागनं रंगाचा डबा धरून हिंडायचो. तितनं जत्रंतल्या नाटकाचं पडदं रंगवायला कवा लागलो, माझं मलाच कळलं न्हाई.

मंग आमच्याकडं गोल पडदा निघाला. म्हंजी काय सांगू तुमाला, मांडवाला आतनं चारी अंगानं कापड लावायचं, मानसं मदी बसायची, आन् भोवतीनं गावचाच बाजार रंगवलेला, कुठंबी मान वळवा, दुकानं, गुरं, मानसंच मानसं. त्यात रीतच पडली बगा, वरसात गावात जो कोण गेला त्येला त्या बाजारात उभा करायचा. घरची लोकं फोटू आणून द्यायची, म्हणायची, नाना, आमच्या आईला भाजीवालीपशी बसवा. मी बसवायचो. जत्रंत ती आपापलं मानूस हुडकायची, सापडलं की हात लावायची, चिंचोक्याच्या खळीतला कच्चा रंग, त्यो बोटाला लागायचा. मी कुणाला कवा रागावलो न्हाई.

माझा थोरला, विलास, लोणंदला कंपनीत हुता. सुट्टीला गाडीवरनं येताना ट्रकनं उडवला. तोंड आमाला कुणी बघू दिलं न्हाई, त्येच्या आईनं लय आकांत केला तरीबी न्हाई. त्या साली त्येला रसवंतीपशी उभा केला, सदरा आला, खांदं आलं, आन् तोंडापशी हात थांबला. फोटू म्होरं हुता, लोकांच्या मेलेल्यांची तोंडं मी धडाधडा काढली हुती, पर हितं कुंचला उचलंना. शेवटी त्येला पाठमोरा केला. कुणाला काय कळतंय म्हणलं.

आईला कळलंच की. सगळा पडदा फिरून तिनं पाठीवरनं वळखला. घरी आल्यावर म्हणली, आवं, लोणंदला जा म्हणून मीच मागं लागले हुते, म्हणून पाठ फिरवली व्हय त्येनं? मी म्हणलं, न्हाई गं, बाजार बगतोय त्यो. तिला पटलं न्हाई.

म्होरल्या साली पडद्यावर सफेदा मारून नवा बाजार काढायचा असतो, पर तेवढा तुकडा मी कापून घरी आणला, भिंतीला लावला. आता जत्रंत मोठी स्क्रीन असती, मला कोण बोलवत न्हाई, हातबी थरथरतो. परवा म्हणलं, हात हाय तवर पोराला एकदा आईकडं वळवावं. रंग कालवला, स्टूल घेतलं. तर तिनं माझं मनगट धरलं.

म्हणली, ऱ्हाऊ द्या. वळला आन् तोंडावर खरंच राग असला, तर मी कुठं बगू?

मी रंग वतून दिला. हाय तसं बरं म्हणायचं, दुसरं काय.