दगूबाईंचे शनिवार

नाही, पण मला एक सांगा, मार्चच्या उन्हात, घशाला कोरड पडलेली असताना, घरच्या पाहुणीला माणसाने ग्लासभर उसाचा रस पाजला, तर त्यात त्याचं चुकलं काय? काही चुकलं नाही! मी चिंतामणरावांना हेच म्हटलं. पण ते ऐकतायत कुठले! ‘मी त्या बाईचा जीव घेतला असता हो,’ म्हणायचे आणि डोळ्यांना धोतराचा सोगा... थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. मुळापासून सांगतो.

आमच्या इंदिरानगरात, आमच्या भिंतीला भिंत लावून चिंतामणराव गायधनींचं घर. खाली ते आणि सुधाताई, वरचा मजला रिकामा. चिंतामणराव भूगोलाचे रिटायर्ड मास्तर. चौतीस वर्षं शिकवला हो भूगोल! टुंड्रा, सहारा, पंपासचा गवताळ प्रदेश, सगळं तोंडपाठ, आणि स्वतः? मनमाडच्या पुढे पाऊल नाही! ‘नकाशात सगळं दिसतं, मग तंगडतोड कशाला?’ हे त्यांचं तत्त्वज्ञान. अशा माणसाच्या घरात, नव्व्याण्णव साली, अंबडच्या एका कारखान्याने वरचा मजला घेतला, जर्मनीहून वर्षभरासाठी येणाऱ्या इंजिनियरसाठी. चिंतामणरावांना वाटलं, कोणी ताडमाड साहेब येणार, पाइप ओढणार. तर गाडीतून उतरल्या बाई! वय बावन्न, केस कापलेले, पाठीला कॉलेजातल्या पोरासारखी सॅक आणि बगलेत पाणी उकळायची किटली. नाव काय, तर डागमार!

सखुबाई, गायधनींकडे धुणंभांडी करते ती, तिने दोनदा नाव विचारून घेतलं आणि म्हणाली, ‘डागमार कसलं नाव! आमच्या गावाला दगूबाई हाय, तसंच आसंल की.’ झालं! आठ दिवसांत अख्खी गल्ली दगूबाई म्हणायला लागली आणि बाईंनाही ते इतकं आवडलं म्हणता, की वरच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने तशी पाटी लावली. पण बाई मात्र चिंतामणरावांना काय म्हणायच्या? ‘हेर गायधनी’! जर्मन भाषेत हेर म्हणजे श्रीयुत. हे आपल्याला काय माहीत? सकाळी वरून हाक यायची, ‘हेऽऽर गायधनी!’ की समोरचे दचकायचे. सखुबाईने तर विचारलंच, ‘मास्तर, तुम्ही कोणाची हेरगिरी केली ओ?’

पहिल्या दिवशी चहा पिताना चिंतामणरावांनी विद्वत्ता काढली. ‘यू आर फ्रॉम एसेन! रुहर खोरे! दगडी कोळसा! लोखंड!’ बाई हसल्या, म्हणाल्या, ‘खाणी बंद पडल्या. आता तिथे लोक सुट्टीत फिरायला येतात.’ चिंतामणरावांचा कप बशीवर तसाच राहिला. ‘म्हणजे इतकी वर्षं मी पोरांना...’

बरं, सोमवार ते शुक्रवार काही त्रास नाही. सकाळी कारखान्याची गाडी यायची, संध्याकाळी आणून सोडायची. आणि मग आला की हो शनिवार!

बाई नकाशा घेऊन खाली. ‘हेर गायधनी, मी जाते. एसटीने.’ कारखान्याची गाडी मागवा म्हटलं, तर म्हणे शनिवारी मी कारखान्याची नाही. आता सुधाताई काय म्हणाल्या? ‘अहो, परक्या मुलखात बाईमाणूस एकटं कुठे फिरणार? तुम्ही जा बरोबर. नाहीतरी घरात बसून काय करताय?’ घ्या! पहिल्या शनिवारी रामशेज किल्ला. चिंतामणराव चपला घालून चढले आणि बसत बसत उतरले. गुडघ्यांना आयोडेक्स लावतायत तोवर आला दुसरा शनिवार! कुठे, तर कळवण. ‘कळवणला बघायला काय आहे?’ चिंतामणरावांनी विचारलं. तर म्हणाल्या, ‘कळवणला राहतात ती माणसं.’ आणि खरंच, बाई स्टँडवरच्या बाकावर दोन तास बसल्या, एका म्हातारीच्या पाटीतल्या शेंगा सोलू लागल्या, म्हातारी अहिराणीत बोलतेय, बाई जर्मनमध्ये, आणि दोघी हसतायत. चिंतामणराव दुभाषी म्हणून गेलेले, त्यांना दोन्ही भाषा येईनात!

आणि मग आला तो तिसरा शनिवार. मालेगाव! बाईंना माग बघायचे होते. एका पत्र्याच्या शेडमध्ये शिरल्या, खडखड खडखड, कानठळ्या बसतायत, आणि बाई एका मागावर तळहात ठेवून डोळे मिटून उभ्या. मग इशाऱ्याने दाखवलं, इथलं बेअरिंग जाणार. मागवाल्या चाचांनी उघडून बघितलं, तर खरंच खिळखिळं झालेलं! ‘मास्तर, ये मेमसाब डॉक्टर है क्या?’ चिंतामणरावांची छाती अशी फुगली, जशी काही त्यांनीच बाईंना घडवली!

पण ऊन? ऊन काय म्हणत होतं? बाई आपल्या उकळलेल्या पाण्याची बाटली कायम जवळ बाळगायच्या, आणि चिंतामणराव कायम टिंगल करायचे. ‘आम्ही गायधनी, सात पिढ्या गोदावरीचं पाणी प्यायलेली माणसं, आम्हाला काय होतंय!’ आणि त्या दिवशी ती बाटली कोणी संपवली? चिंतामणरावांनीच! परतीला एसटी आग्रा रोडवर थांबली, बाईंचे ओठ सुकलेले, समोर रसवंती, घुंगरं छुमछुम वाजतायत. मास्तरांच्या मनाला लागलं हो. आपण पाहुणीचं पाणी प्यायलो! धावत गेले, दोन ग्लास सांगितले, आलं-लिंबू घालून, वर बर्फ, आणि बाईंचा ग्लास खिशातल्या रुमालाने स्वतः दोनदा पुसला. बाईंनी ग्लासाकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, आणि घटाघटा प्यायल्या. आता सांगा, यात काही वाईट हेतू होता का?

बाराव्या दिवशी बाईंना ताप! साधा असेल म्हणून दोन दिवस अंगावर काढला आणि आला शनिवार, तर वरून हाकच नाही. सुधाताई जिना चढून गेल्या, तर बाई थरथरतायत. दात वाजतायत, आणि एकच शब्द, ‘काल्ट... काल्ट...’ चिंतामणराव मागून धापा टाकत आले, कान देऊन ऐकलं आणि कपाळाला हात लावला, ‘बघितलंस? एवढ्या तापातही हिला कळवण आठवतंय! शनिवार आहे ना आज!’ सुधाताईंनी खालून दोन गोधड्या आणल्या, बाईंच्या अंगावर टाकल्या, पाय चोळत बसल्या. काल्ट म्हणजे थंडी. सुधाताईंना ना इंग्रजी येत, ना जर्मन. पण कळलं कोणाला?

रक्त तपासलं, टायफॉइड. डॉक्टर म्हणाले, ‘यांनी तिकडून येताना लस टोचून घेतलीय, पुरती राखत नाही ती, पण जोर कमी राहील.’ आणि मग चष्म्यावरून बघत विचारलं, ‘दहा-पंधरा दिवसांत बाहेरचं काही प्यायला होतात?’ तुम्हाला सांगतो, चिंतामणराव भिंतीवरचं कॅलेंडर असं वाचायला लागले, जणू एकादशी शोधतायत!

दुसऱ्या दिवशी कारखान्याचे मॅनेजर हजर. जर्मनीहून फॅक्स आला होता म्हणे. ‘मॅडम, बाहेरचं काही घेतलं असेल तर तसं सांगा. मग इथे ठेवता येणार नाही. मुंबईला हॉटेलात हलवू, तिथून थेट घरी पाठवू. हे एसटीने फिरणं तर बंदच.’ चिंतामणराव दारात उभे, तोंडात शब्द आलेला. बाई उशीवरून म्हणाल्या, ‘माझी बाटली. फक्त माझ्या बाटलीतलं पाणी.’

मॅनेजर गेले. आणि मास्तरांचं जेवणावरचं मन उडालं हो. वर्गात खोटं बोललेल्या पोराला अंगठे धरायला लावणारा माणूस, आणि त्याच्यासाठी आजारी बाई खोटं बोलली! सुधाताईंना वाटलं, काळजीने जेवत नाहीत. चौथ्या दिवशी हात लावून बघितलं तर अंग तव्यासारखं. सात पिढ्यांची गोदावरी काही कामाला आली नाही! त्याच रसाने मास्तरांनाही धरलं होतं.

आणि मास्तरांना लस कुठली! बाईंचा ताप आठवड्यात उतरला, मास्तरांचा चढतच चालला. डॉक्टर म्हणाले दवाखान्यात हलवा, मास्तर म्हणाले मरेन तर माझ्या कॉटवर. अशा वेळी कोण उभं राहिलं? दगूबाई! अजून स्वतःचे पाय लटपटतायत, पण खाली आल्या, डॉक्टरांशी बोलल्या, खोलीच्या दाराला वेळापत्रक चिकटवलं. सहाला थर्मामीटर, आठला पेज, दहाला थर्मामीटर... आणि आलेखाच्या कागदावर तापाचा आलेख! मास्तरांनी तो बघितला आणि क्षीण आवाजात म्हणाले, ‘उभ्या अक्षाला एकक लिहिलेलं नाही.’ बाईंनी एकक लिहिलं.

गंमत सांगतोय, पण एका दुपारी आमचीही पाचावर धारण बसली. ताप एकशे चार. मास्तर बरळायला लागले. काय बरळावं? राजधान्या! ‘पेरू... लिमा. मंगोलिया... उलानबाटर.’ सुधाताई देवापाशी जाऊन बसल्या, त्यांना ते ऐकवेना. बाई कपाळावर पट्ट्या ठेवतायत, आणि सखुबाईने शिकवलेला एक शब्द म्हणतायत, प्रत्येक राजधानीला, ‘बरोबर. बरोबर, हेर गायधनी.’ मास्तर चुकले की गप्प राहायच्या. मास्तर थांबायचे, आठवायचे, पुन्हा सांगायचे. ‘बरोबर.’ अर्धी पृथ्वी अशी पार केली हो त्या दोघांनी. दिवेलागणीला घाम फुटला, सुधाताईंनी देवापासून उठून हात लावला आणि मटकन खालीच बसल्या. बाईंनी त्यांना जवळ घेतलं. त्या दोघी किती वेळ तशा बसल्या होत्या, मी खिडकीतून बघितलं आणि परत फिरलो.

अंगात थोडं बळ आल्यावर मास्तरांनी पहिलं काम काय केलं? उठून बसले, हात जोडले आणि कबूल केलं. ‘मॅडम, तो रस. माझ्यामुळे तुम्ही...’ आणि धोतराचा सोगा डोळ्यांना. बाई म्हणाल्या, ‘मला माहीत होतं. बर्फ दिसत होता मला. मी इंजिनियर आहे.’ ‘मग प्यायलात का?’ ‘इथे आल्यापासून सगळे मला विचारतात, मॅडम, हे चालेल का, ते चालेल का. तुम्ही विचारलं नाही. घरच्या माणसाच्या हातात द्यावा तसा ग्लास दिलात.’ मग म्हणाल्या, ‘बर्फाला मी घाबरले नाही, हेर गायधनी. तुमच्या रुमालाला घाबरले.’ मास्तर हसले. तीन आठवड्यांनी त्या घरात कोणी हसलं!

डॉक्टरांनी बजावलं, मास्तर, सहा आठवडे उंबरा ओलांडायचा नाही, पचायला हलकं खायचं, दगदग बंद. मास्तर मनातून खूश! सुटलो म्हणाले. आता फिरायला कोण नेतंय मला!

आणि मग आला की हो शनिवार! मास्तर खुर्चीत पेपर उघडून बसलेत, तर समोर सुधाताई. इस्त्रीची साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, पाठीला सॅक! ‘मी दगूबरोबर जातेय.’ ‘कुठे?’ ‘बघू, पहिली एसटी जिथली मिळेल तिथे.’ मास्तरांचा चष्मा नाकावर आला. ‘अगं, पण तुम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नाही!’ सुधाताई म्हणाल्या, ‘तुमच्याशी तरी छत्तीस वर्षं कुठे बोलणं होतंय? चाललंच ना?’ आणि निघाल्या! मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

दुपारी मास्तरांकडे फोन. सापुताऱ्याहून! बूथवरून सुधाताई ओरडतायत, मागे वारा घोंघावतोय, ‘अहो, इथे काय गार आहे! आम्ही आज मुक्कामच करतोय. मुगाची खिचडी करून घ्या, डाळ-तांदूळ धुऊन ठेवलेत, नुसता कुकर लावायचाय!’ आणि फोन ठेवला.

पाच मिनिटांनी मास्तर आमच्या दारात. हातात कुकर, झाकण उलटं बसवायचा प्रयत्न चाललाय. ‘अहो, खिचडीला शिट्ट्या किती करतात?’ मी म्हटलं, ‘मला काय विचारता, मास्तर?’ ‘तुम्हाला कोण विचारतंय? वहिनींना विचारा ना.’

आता काय सांगणार त्यांना? आमची हीसुद्धा सापुताऱ्यालाच आहे! दोघींबरोबर तीच तिसरी. मलाही सकाळी एवढंच सांगून गेली, की मास्तरांकडे खिचडी आहे, तिथेच जेवा!