भिंतीवरचं पाणी

आता तुम्हीच सांगा, माणसाने विश्वास ठेवायचा कुणावर? स्वतःच्या कोरड्या घशावर, की भिंतीवरच्या ओल्या रंगावर? हसू नका! अहो, अकरा दिवस आमच्या गल्लीतल्या नळाने नुसती शिट्टी वाजवली, टिपूस नाही, आणि माझ्याच दुकानाच्या भिंतीवर मी, म्हणजे हाच मी, आठ फुटी, घटाघट पाणी पितोय!

चूक माझीच. बादल्या नि पिंपं विकण्यात तीस वर्षं गेली, गिऱ्हाईक चालीवरून ओळखतो, पण त्या पेंटरला नाही ओळखलं. निवडणूक तोंडावर, सत्ताधाऱ्यांच्या भिंती रंगवायचं काम त्याच्याकडे. म्हणाला, "शेठ, काय समाधान आहे हो तुमच्या चेहऱ्यावर!" झालं, चढलो हरभऱ्याच्या झाडावर! रिकामा ग्लास तोंडाला लावून दोन तास उभा राहिलो, वर त्यालाच सांगतोय, "पोट जरा आत घे, आणि केस घाल थोडे." घातले. सढळ हाताने घातले! खाली लिहिलं, 'घरोघरी पाणी, सुखी जनता'.

दुसऱ्या दिवशी पाणी खात्यात तक्रार घेऊन गेलो. कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला, मला न्याहाळलं...

"अहो, तुम्ही तर पिताय!"

"कुठे?"

"भिंतीवर आहे ना!"

म्हटलं, साहेब, ग्लास रिकामा होता. तर म्हणतो, "चित्रात भरलेला आहे. सगळ्या ऑफिसने बघितलाय."

घरी येतो तर मेहुणी दारात, रिक्षाभर मळके कपडे घेऊन! "दाजी, तुमच्याकडे म्हणे धो धो येतंय?" कोण म्हणालं? "भिंतीवर आहे ना!" सख्खी मेहुणी हो! मी समोर कोरडा ठणठणीत उभा, पण तिचा विश्वास त्या आठ फुटीवर. आणि आमची ही? तिने रिकामा हंडा माझ्यापुढे आदळला. "तुमच्याने काही व्हायचं नाही. त्या भिंतीवरच्याला पाठवा. त्याला केसही आहेत."

तडक पेंटरला गाठलं. म्हटलं, पूस ते थोबाड! तो शांतपणे ब्रश धूत म्हणतो, "कशाला पुसायचं शेठ? विरोधकांचं कामही मलाच मिळालंय. तोंड तेच ठेवतो, पाणी तेवढं काढून घेतो." तुम्हाला सांगतो, अर्ध्या तासात ग्लास रिकामा, गाल आत, डोळ्यात टपोरा अश्रू! केस मात्र राहू दिले. माणूस भला.

आणि मग काय विचारता! तोच कारकून दुकानात धावत आला. "शेठ, कळवायचं तरी!" अहो, लेखी दिलं होतं तुमच्या हातात! "कागद कोण वाचतो? हे कसं, भिंतीवर आहे ना!" मेहुणी फोनवर हुंदके देतेय, "दाजी, किती वाळलात!" काट्यावर उभा राहिलो, छटाकभर कमी नाही!

पण कारकुनाला पाझर फुटला खरा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आमच्या गल्लीचं पाणी सोडलं. आणि गल्ली कुठे? सगळी भिंतीपुढे! कुणी चुकचुकतंय, कुणी फोटो काढतंय, आमची ही डोळ्यांना पदर लावून, "कशी दशा झाली हो ह्यांची!" आणि मी? मी सगळ्यांच्या पुढे! त्या बिचाऱ्याकडे बघून माझा खरंच घसा सुकला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "शेठ, मागे पाण्याचा आवाज येतोय का हो?" मी खेकसलो, "छे! कुठलं पाणी? भिंतीवर आहे ना, नाही म्हणून!"

अर्धा तास वाहिलं. सगळं गटारात.

म्हणून हात जोडून सांगतो, घरात एक वही ठेवा. पाणी कधी आलं, किती भरलं, आपल्या हाताने टिपून ठेवा. माझी पहिली ओळ लिहून झालीय: आलं, अर्धा तास. भरलं, शून्य. दुकानात शिल्लक बादल्या, दोनशे चाळीस. लाज वाटली, पण लिहिलं. तुम्हीही लिहा... आणि कृपा करून, खरं लिहा.