गाल वर घेतले तेव्हा

ऑपरेशन करून काय मिळालं म्हणता? ऐका. शाळेत रोज कोणीतरी विचारे, "मॅडम, तब्येत बरी नाही का?" डोळ्यांखाली पिशव्या अन् गाल उतरलेले. शेवटी अकोल्याले जाऊन पिशव्या काढल्या, गालही वर घेतले. सूज उतरली अन् धामणगाव बढ्याचे मामा वारले. बाप गेल्यावर त्यांनीच मले शिकवलं होतं. वाटभर रडत गेली मी.

दारातच मावशी म्हणाली, "मोठी टवटवीत दिसून राह्यली वं. माहा भाऊ गेला, तुले काही वाटते का नाही?"

"ऑपरेशन झालं, मावशी."

"कायचं?"

मयतीच्या घरी काय सांगावं? "डोळ्याचं," म्हटलं.

झालं. बायांनी मले मोतीबिंदूवाली ठरवलं. "रडू नको, टाके तुटतील," म्हणून मामीजवळ जाऊच देईनात. ओट्यावर बसवून ठेवलं.

शेवटी मामीच बाहेर आली. माह्या तोंडाकडे पाहत राह्यली अन् म्हणाली, "बस इथं. सकाळपासून सारे रडके चेहरेच पाहून राह्यली मी. एक तरी बरा दिसला."

मंग मी अशी रडली, का मामीलेच मले उगी करावं लागलं.