मथूची शंका

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. आज मला राग आलाय, आधीच सांगतो. एक सांगा — शब्दाचा अर्थ जिभेवर आहे, पण घरात त्याचा पत्ता नाही, अशा माणसाला विद्वान म्हणायचं का? बोला की! गप्प का?

गोदेकाठच्या एका गावात नारोशास्त्री राहायचे. मोठे व्युत्पन्न! मथू त्यांची सून. वय अवघं एकोणीस. नवरा तापानं गेला आणि शास्त्रीबुवांनी तिला माजघरातल्या कोपऱ्यात बसवली. रीत वर्षाची — इथं दोन वर्षं सरली! त्या दिवशी तिचा भाऊ टांगा घेऊन आला. तिला पुण्याला शाळेत घालायचं म्हणाला. शास्त्री गरजले, "विधवेची जागा ठरलेली. ती बदलत नसते!"

आणि लगेच ओसरीवर येऊन बसले! समोर सारनाथचे एक भिक्षू, भोवती गाव. "आमचं अनित्य, तुमच्या पालीतलं अनिच्च — अर्थ एकच. जे टिकत नाही ते! विपरिणाम म्हणजे आहे ते पालटून वेगळंच होणं. यातून राजा सुटत नाही, पर्वत सुटत नाही!"

वा वा! माना डोलतायत! आत मथूची कानशिलं तापली. पर्वतसुद्धा सुटत नाही, आणि मी?

त्या ओसरीची एक रीत होती. शेवटी विचारायचं, "कुणास शंका?" आणि शंकेचं उत्तर दिल्याशिवाय आसन सोडायचं नाही. शास्त्रीबुवांनी ऐटीत विचारलं. तीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती!

मथू उठली. पायांना मुंग्या आलेल्या. भिंत धरधरून दारात आली.

"मामंजी, मला शंका आहे. पर्वत पालटतो, मग माझा कोपरा तेवढा नित्य कसा?"

शास्त्रींनी भिक्षूंकडे पाहिलं. भिक्षू म्हणाले, "प्रश्न आपल्याला आहे."

"आत हो!" शास्त्री ओरडले.

"हे उत्तर नव्हे, मामंजी."

तेवढ्यात सासूबाई मथूचं बोचकं घेऊन बाहेर आल्या. अंगणात टांग्यापाशी थांबलेल्या भावाच्या हातात दिलं. "जा, पोरी. यांना उत्तर सुचलं की पत्र टाकीन."

टांगा हलला. अडवायचं तर उठावं लागणार — आणि आसन सोडता येईना!

हसताय? लाज वाटू द्या! परवा याच गावात एका पोरीला हळदीकुंकवाच्या रांगेतून उठवलंत. का, तर नवरा गेला! आणि उठवणाऱ्या इथं पुढे बसून 'अनित्य' ऐकून माना डोलावताय? मला हार नको, नारळ नको. जा! तिच्या दारात जा, हात जोडा, तिला घेऊन या. ती इथं देवासमोर बसेपर्यंत आरती लागणार नाही!