मशीनभोवती तीन चकरा

नव्वद साली परभणीहून पाथरीला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर कॉलेजातले कॉम्प्युटरचे सर आणि त्यांचे मामा बसले होते.

"व्यंकटी, कॉम्प्युटर आला म्हणं कॉलेजात?"

"आला की, मामा. आज नारळ फोडला."

"मग दोन वर्सं काय शिकवलास रे?"

"ऑपरेटिंग सिस्टिम. फळ्यावर, खडूनं."

"आज तरी चालू करून दाखवलास का?"

"बटनच सापडंना. मशीनभवती तीन चकरा मारल्या, तवा मागच्या अंगाला घावलं."

"पोरं लय हसली आसतील."

"हसली आसती तर बरं झालं आसतं. समद्यांनी वहीत उतरून घेतलं. आदी नारळ फोडावा, मग मशीनभवती तीन चकरा माराव्या."

"आन् परीक्षेत तसंच लिव्हलं तर?"

"मार्क द्यावेच लागतील, मामा. शिकवलं मीच की."